एल्वा नोस्केचा पहिला स्मोको

डार्लिंग नदीच्या दोन्ही काठांवरच्या मेंढवाड्यांत एल्वा नोस्केचं नाव अजून निघतं. तिचा चहा तसा साधाच होता, पत्र्याच्या डब्यात उकळलेला, काळा आणि कडक. पण घंटेचा आवाज हवेत असतानाच तो चहा शेडच्या दाराशी हजर असायचा, आणि सोबत दोन मोठ्या ताटल्या भरून खाणं. लोकर कातरणाऱ्यांची टोळी जमवताना ठेकेदार पगाराचं बोलायच्या आधी सांगायचे, की यंदा स्वैपाकाला एल्वा आहे. मग माणसं फार घासाघीस करत नसत.

अशी तिने वीसेक वर्षं काढली. पण तिच्याबद्दल काही सांगायचं तर तिच्या पहिल्या दिवसाबद्दल सांगायला हवं. त्या दिवशी तिची नोकरी जाता जाता राहिली, आणि तीही स्मोकोवरून, म्हणजे कामाच्या मधल्या चहाच्या सुट्टीवरून.

तिचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या युडंडाचा, बेकरीवाल्या जर्मन घरातला. बाप पहाटे भट्टी पेटवायचा, आणि चालायला लागल्यापासून एल्वा त्याच्या पायात घोटाळायची. पुढे बाप गेला आणि बेकरी भावाच्या, ऑस्करच्या हाती आली. एल्वा तिथेच राहिली. लग्न तिने केलं नाही, किंवा ते करायला तिला सवड मिळाली नाही. त्या घरात बसलेलं माणूस दिसलं की ते आजारी तरी असायचं किंवा पाहुणं तरी. जेवणसुद्धा उभ्याने, एका हाताने पाव उलटता उलटता. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. भट्टी तापलेली असताना कुणी बसत नसे, आणि भट्टी कायम तापलेली असे.

ती पंचेचाळिशी ओलांडून गेली आणि ऑस्करचे मुलगे हाताशी आले. पिठाच्या कोठीवरची तिची खोली धाकट्या सुनेला हवी होती. वहिनीने हे अगदी गोड शब्दांत सांगितलं. त्याच आठवड्यात एक ठेकेदार पाव घ्यायला दुकानात आला आणि आपला आचारी दारू पिऊन पळाल्याचं रडगाणं गाऊ लागला. सरहद्दीपलीकडे, न्यू साउथ वेल्समध्ये, कुरांबीच्या मेंढवाड्यावर कातरणी सोमवारी सुरू व्हायची होती.

"मी येते," एल्वा म्हणाली.

ठेकेदार हसला. कातरणीच्या शेडवर बाई म्हणजे अपशकुन, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. मग त्याने काचेमागच्या ताटाकडे पाहिलं. खमिराच्या केकवर लोणी-साखरेचा चुरा अजून गरम होता. त्याने डोकं खाजवलं आणि तिला ये म्हणाला, पण बजावून सांगितलं, की टोळीचा कायदा आहे; आचाऱ्याला टोळीतली माणसंच ठेवतात आणि तीच काढतात, मत टाकून. त्यात ठेकेदाराचं काही चालत नाही. एल्वाने मान डोलावली, एप्रन काढून त्याची घडी केली आणि वर जाऊन ट्रंक भरली. परत येण्यासारखी खोली आता नव्हती, तेव्हा ट्रंकेत सगळंच भरलं.

कुरांबीला ती रविवारी संध्याकाळी पोचली. स्वैपाकघर शेडपासून बरंच लांब होतं, मध्ये उघडं माळरान. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा होता. आधीच्या आचाऱ्याने ते कुणालातरी फेकून मारलं होतं. एल्वाकडे बापाचं मनगटी घड्याळ होतं, सेकंदही न चुकवणारं. ते तिने खिळ्याला अडकवलं, चूल पेटवली आणि पीठ भिजवलं.

त्याच वेळी माणसांच्या झोपडीत कॉल राफ्टरी सगळ्यांची घड्याळं लावून घेत होता. राफ्टरी टोळीचा प्रतिनिधी, माणसांनी निवडलेला. भांडण, हक्क, मतदान सगळं त्याच्याकडे. टोळीतली जवळजवळ सगळी माणसं दक्षिण ऑस्ट्रेलियाची होती, आणि कुरांबीचं घड्याळ सिडनीच्या वेळेवर चालायचं. म्हणजे त्यांच्या गावापेक्षा अर्धा तास पुढे. दरवर्षी पहिल्या रात्री प्रतिनिधी झोपडीच्या मधोमध उभा राहून वेळ सांगायचा आणि सगळे काटे फिरवायचे. पूर्वी आचारी झोपडीतच झोपायचा. यंदा आचारी बाई होती आणि स्वैपाकघरामागच्या खोलीत निजली होती. राफ्टरीच्या ते डोक्यात आलंच नाही.

सकाळी माणसं न्याहारीला अर्धा तास आधी आली. एल्वाला वाटलं, भुकेली मंडळी आहेत, पहिला दिवस आहे. बेकरीच्या सवयीने तिचं सगळं आधीच तयार असायचं. चॉप, अंडी, रस्सा, पाव, कशाला कमी पडलं नाही. जाताना हर्बी ट्रेगिया नावाच्या म्हाताऱ्या कातरणाऱ्याने टोपीला हात लावला. बाकीचे नुसते गेले.

मग ती स्मोकोच्या तयारीला लागली. मनुका घातलेला जाड ब्राउनी, सँडविच, चुऱ्याचा केक. तिकडे शेडमध्ये कातरयंत्रांचं इंजिन सुरू झालं आणि माळावरून त्याची घरघर सतत येऊ लागली. त्या घरघरीच्या तालावर तिचे हात चालत होते. केक भट्टीतून काढायला जरा वेळ होता तेव्हा इंजिन थांबलं.

एल्वाने खिडकीतून पाहिलं. पट्टा तुटला असावा, किंवा तेल संपलं असावं, असं तिला वाटलं. बिचाऱ्यांचं काम खोळंबलं. तिने मनातल्या मनात यंत्र दुरुस्त करणाऱ्याला लवकर हात चालव म्हणून सांगितलं आणि केक वर-खाली करून पाहिला. बापाचं घड्याळ सांगत होतं की स्मोकोला अजून अर्धा तास आहे.

ठरल्या वेळेला ती दोन फेऱ्यांतली पहिली घेऊन निघाली. एका हातात चहाचा डबा, दुसऱ्या हातात झाकलेली ताटली. माळ ओलांडून ती शेडच्या दाराशी पोचली, आणि घंटा वाजली. तिला बरं वाटलं, अगदी वेळेवर आलो. पण घंटेसरशी माणसं उठली, आपापल्या कोंडवाड्याचं दार ढकललं, एकेक मेंढी उताणी ओढत बाहेर काढली आणि वाकली. इंजिन सुरू झालं. कुणी वर पाहिलं नाही.

एल्वा डबा हातात धरून उभी राहिली. मेंढ्या कातरतात त्या लाकडी फळीवर पाऊल ठेवायचं नाही एवढं तिला ठेकेदाराने सांगितलं होतं, म्हणून ती दारातच होती. इंजिनवाला तेलाने माखलेला हात पुसत तिच्याजवळ आला.

"बाई, कुठल्या गावची वेळ लावून आलात?"

तो काय म्हणतो ते कळायला तिला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने ताटली लोकरीच्या गाठोड्यावर ठेवली. कामाची पाळी सुरू झाल्यावर कुणी चहाला हात लावत नसतं. पुढची घंटा होईपर्यंत मान वर करायची नाही आणि घंटा झाल्यावर खाली करायची नाही, हा तिथला नेम. चहा थंड झाला. केकवर माश्या बसायला लागल्या. ती सगळं उचलून परत घेऊन गेली.

दुपारचं जेवण मात्र वेळेत झालं, आणि ते चांगलं होतं. माणसं मुकाट्याने जेवली. डेस मलार्की, टोळीतला सगळ्यांत झपाट्याचा कातरणारा, त्याने तेवढं तोंड उघडलं. ताटाकडे बघतच तो शेजाऱ्याला म्हणाला, की आज जेवण जेवणाच्या वेळेला मिळतंय याचंच नवल. राफ्टरीने उठून सांगितलं, की काम संपल्यावर, रात्रीच्या जेवणाआधी, आचाऱ्यावर मतदान होईल. त्याने एल्वाकडे पाहिलं नाही. टपालाची लॉरी दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होती. तिच्यातून परत गेलं तर कुठे जायचं, हा प्रश्न एल्वाच्या मनात आला. तो तिने बाजूला सारला आणि बटाटे सोलायला घेतले. पहिल्याच दिवशी मतांनी काढलेल्या बाईला दुसरा ठेकेदार घेणार नाही, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

दुपारचा स्मोको घंटेला हजर होता. माणसांनी ताटल्या चाटूनपुसून साफ केल्या. पण खाणं आणि मत यांचा तिथे फारसा संबंध नसतो.

संध्याकाळी अंघोळी उरकून सगळे जेवणघरात जमले. एल्वा पलीकडे मोरीशी भांडी घासत होती. मधल्या खिडकीला फक्त जाळी होती, आणि आवाज खाली ठेवायचा कुणाचा विचार नव्हता.

डेसने सुरुवात केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्मोको हा माणसाचा हक्क आहे. आज सकाळी तो मिळाला नाही. ज्याच्यामुळे मिळाला नाही त्याने जावं.

"मिळाला नाही कसा?" हर्बी म्हणाला. "अर्धा तास तू भिंतीला टेकून घोरत होतास. मी मोजत होतो, दुसरं काही करायलाच नव्हतं."

"चहाशिवाय?"

"स्मोको म्हणजे चहा असं तुला कुणी सांगितलं रे?"

मग हर्बीने आपल्या आज्याची गोष्ट काढली. ती टोळीने दर वर्षी ऐकलेली होती, तरी त्यांनी त्याला बोलू दिलं. आजा कॉर्नवॉलहून जहाजावर कामाला लागून इकडे आला. त्याच्या सांगण्याप्रमाणे डोलकाठीखालून कुणीतरी ओरडायचं, "स्मोक-ओ!" धूर ओढून घ्या रे, एवढाच त्याचा अर्थ. मग दोर सोडायचे, चिलीम पेटवायची, आणि चिलमीत तंबाखू असेपर्यंत कप्तानालासुद्धा बोलायची सोय नव्हती. चहा नाही, केक नाही. धूर आणि बसणं. तो हाळीचा 'ओ' शब्दाला चिकटला तो चिकटलाच.

एकाने सांगितलं, की तसं काही नाही, आमच्याकडची माणसं कशालाही शेवटी 'ओ' लावतात. शब्द इथल्याच मेंढपाळांचा आहे. दुसरा म्हणाला, बंदरावर हमालांनी काम बंद पाडून तो मिळवला. राफ्टरी म्हणाला की कुठून का आला असेना, आता तो करारात लिहिलेला आहे, अर्धा तास, सकाळी एक आणि दुपारी एक, आणि लिहून घ्यायला त्याच्या बापाच्या पिढीला एक आख्खा हंगाम उपाशी काढावा लागला.

"चिलमीचंच म्हणता तर," डेस म्हणाला, "इथे हर्बी सोडला तर ओढतो कोण? म्हणजे स्मोको एकट्या हर्बीचा. आम्ही आपले त्याच्या धुरात बसलेले."

सगळे हसले. एल्वाही जाळीमागे हसली असती, पण तिचं लक्ष शब्दांवर नव्हतं. एवढी थोराड माणसं, दिवसभर मेंढ्या उलथवून आलेली, आणि कशावर भांडत होती, तर काम थांबवण्यावर. तेही असं, जशी माणसं जमिनीच्या बांधावर भांडतात. असं बोलणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर राफ्टरीने तिला हाक मारली. मताआधी आचाऱ्याला बोलायचा हक्क असतो.

ती ओले हात एप्रनला पुसत दारात आली. राफ्टरीला जे ठाऊक होतं ते आता हर्बीलाही ठाऊक होतं. म्हाताऱ्याने दुपारीच त्याला कोपऱ्यात गाठून विचारलं होतं, की बाईला वेळ सांगितलीस का. राफ्टरीचं तोंड उतरलेलं होतं. ती आता काय बोलणार याची तो वाट पाहत होता. एका वाक्यात ती सुटणार होती आणि तो अडकणार होता.

"घड्याळ माझं, चूक माझी," एल्वा म्हणाली. "सकाळी तुम्हाला उपाशी बसावं लागलं, त्याचं मला वाईट वाटतं."

एवढंच बोलून ती वळली. मग थांबली.

"यंत्र थांबलं ते मी ऐकलं होतं. नाही असं नाही. पण मला वाटलं मोडलं." ती जमिनीकडे पाहत होती. "धडधाकट चाललेलं यंत्र माणसं आपणहून थांबवतात, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे भट्टी कधी थांबली नाही."

हर्बीने विझलेली चिलीम तोंडातून काढली.

"मग तुम्ही बसायचात केव्हा?"

"चर्चमध्ये," एल्वाने जरा विचार करून सांगितलं.

हे तिने विनोदाने म्हटलं नव्हतं, आणि कुणी हसलंही नाही. डेसने आपले हात उलटसुलट करून पाहिले. ती परत मोरीकडे गेली आणि राहिलेली पातेली घासायला लागली. ज्या भांड्यांत उद्या कोण रांधणार हे ठाऊक नाही, ती भांडी तिने नेहमीसारखीच लख्ख घासली.

मत आगकाड्यांनी टाकत. डबा हातोहात फिरायचा. ठेवायचं असेल तर कोरी काडी, काढायचं असेल तर जळकी. टोपीखाली हात घालून टाकायची, म्हणजे कुणाची कुठली ते कळत नाही. डबा फिरून आल्यावर राफ्टरीने तो टेबलावर उलटा केला. काही काळी डोकी होती. अगदीच नव्हती असं नाही. एक-दोघांना बाईच नको होती, चहा वेळेवर असता तरी. पण लाल डोक्यांचा ढीग मोठा होता, बोटाने मोजायची गरज पडली नाही.

"राहिली," राफ्टरी म्हणाला. मग घसा खाकरून तो पुढे बोलला. रविवारी रात्री नव्या माणसाला वेळ सांगणं हे प्रतिनिधीचं काम आहे आणि ते त्याने केलं नाही. हे मताआधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. आता ज्याला प्रतिनिधी बदलायचा असेल त्याने डबा परत फिरवावा.

"आधी जेवू दे," डेस म्हणाला. "मग तुला काढू."

जेवणं झाल्यावर राफ्टरी स्वैपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याने विचारलं, तुमच्या लक्षात आलं होतं का. एल्वा म्हणाली, आलं होतं, दुपारीच. बाकी सगळ्यांची घड्याळं बरोबर होती म्हणजे कुणीतरी लावून दिली असणार.

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"तुम्ही त्यांचे. उद्या यांच्यासाठी ठेकेदाराशी तुम्हालाच भांडायचंय. मी काय, स्वैपाकाला कुणीही मिळतं."

राफ्टरीने स्वतःचं घड्याळ काढलं, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि परत बांधलं. मग म्हणाला, टोळीचं असं ठरलंय, की उद्यापासून आचाऱ्याचा स्मोको शेडमध्ये. चहा ठेवून परत पळायचं नाही. घंटा ते घंटा बसायचं. करारात अर्धा तास सगळ्यांना लिहिलाय, आचारी वगळून असं कुठे लिहिलेलं नाही.

एल्वा म्हणाली, मला बसून काय करायचंय, भट्टीत मटण असतं. तो म्हणाला, मटणाचं आम्ही बघू. हे कुणी कधी ठरवलं ते तिला कळलं नाही, आणि बहुतेक ते तेव्हाच, उंबऱ्यावर ठरलं असावं.

दुसऱ्या सकाळी इंजिन थांबायच्या आधीच ती दाराशी होती. घरघर बंद झाली, आणि त्या शांततेत मेंढ्यांचं ओरडणं एकदम मोठं झालं. माणसं कंबर धरून उभी राहिली, एकेक करून फळीवरून उतरली आणि गाठोड्यांना टेकली. एल्वाने चहा ओतला, ताटल्या फिरवल्या, आणि रिकामा मग उचलायला वाकली.

"बसा, बाई," राफ्टरी म्हणाला.

ती दाराजवळच्या गाठोड्यावर टेकली. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, जशी गाडीची वाट पाहतेय. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. तिने एप्रनचं टोक चुरगळलं, सोडलं, परत धरलं. हर्बी चिलीम भरता भरता तिच्याकडे पाहत होता.

"हातांना काही करायचं नसतं," तो म्हणाला. "राहू द्यात तसेच. त्यांचे ते निवतात."

तिने हात मांडीवर ठेवले. तळवे वर केलेले, भट्टीने भाजल्याच्या जुन्या खुणा असलेले. कुणी काही विशेष बोलत नव्हतं. डेसने तिच्या केकचा तिसरा तुकडा घेतला आणि हर्बीच्या धुराबद्दल तक्रार केली. दारातून वारा येत होता. लोकरीचा तेलकट वास, चहा, तंबाखू, घाम, आणि करण्यासारखं काहीच नाही. हळूहळू तिची पाठ गाठोड्याला लागली.

घंटा झाली. कोंडवाड्यांची दारं वाजली, इंजिन धडधडलं, माणसं वाकली. इंजिनवाल्याने दाराकडे पाहिलं, तर एल्वा नोस्के अजून बसलेलीच होती, डोळे उघडे, चहाचा मग हातात. तो तिला हाक मारणार होता, पण राफ्टरीने वाकल्या वाकल्या मान हलवून त्याला नको म्हणून खुणावलं.

त्या दुपारी बटाटे कच्चे राहिले. डेसने ते सांगितलंच, पण दुसऱ्यांदा वाढून घेताना.